पीडीएफ सहाशे पानांची, वही शंभर पानी

बँकेच्या परीक्षांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात गोव्यातल्या फोंड्याच्या एक निवृत्त बँक अधिकारी उत्तरं देतात.

प्रश्न: नमस्कार बाई. मी साखळीचा, बी.कॉम. झालोय. क्लार्कची पूर्वपरीक्षा दोनदा पास झालो आणि दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत अडकलो. गणित, रीझनिंग बरं जातं, सामान्य ज्ञानात बोंब. आधी 50 पैकी 13, मग 11. चार टेलिग्राम चॅनल लावलेत, सकाळी यूट्यूबवर चालू घडामोडी बघतो, दर महिन्याची पीडीएफ उतरवून घेतो. सहा महिन्यांची मिळून सहाशेच्या वर पानं झाली, पण वाचलेलं आठवड्यात पुसलं जातं. घरी मराठी पेपर येतो, तो बाबा वाचतात. इंग्रजी पेपर लावू का? आणि किती महिने मागं जाऊ?

उत्तर: अरे बाबा, सहाशे पानं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पीडीएफ करणाऱ्याच्याही नाहीत.

आधी तुझ्या वेळापत्रकातली खोट सांगते. पूर्वपरीक्षेत इंग्रजी, गणित, रीझनिंग एवढंच, 100 प्रश्न आणि 60 मिनिटं. सामान्य ज्ञान नाही, म्हणून सगळी मुलं ते बाजूला सारतात. मग पूर्वपरीक्षा झाली की उरलेल्या थोड्या दिवसांत सहा महिने गिळायला बसतात. रविवारी माझ्या ओसरीवर सात-आठ मुलं येतात, त्यांचंही हेच. आणि 13 चे 11 कसे झाले ते मला न सांगता कळलं. अर्धवट ओळखीचं दिसलं की तू पर्यायावर क्लिक करतोस. चुकलं की पाव गुण जातो. सहाशे पानं वाचणाऱ्याला सगळंच ओळखीचं दिसतं, हीच पंचाईत आहे.

माझीही फजिती सांगते. 1984 साली मी तेव्हाच्या बँकिंग सेवा भरती मंडळाची परीक्षा दिली. जगातल्या राजधान्या आणि चलनं तोंडपाठ होती. मुंबईला मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्ही गोव्याच्या ना? मुक्तीपूर्वी तिथं नोटा कोणत्या बँकेच्या असायच्या?’ मी गप्प. उत्तर होतं बांको नासिओनाल उल्त्रामारिनो, ही पोर्तुगीज बँक. तिची एस्कुदोची, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज चलनाची, एक नोट आमच्या आजीच्या पेटीत, काजूच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांमध्ये घडी घालून ठेवलेली होती. ती मी लहानपणापासून बघत आले होते. आणि मला मात्र मंगोलियाचं चलन ठाऊक होतं! निवड झाली ती लेखी परीक्षेच्या जोरावर. नोट आता माझ्या वहीच्या खिशात आहे, ओसरीवर नवीन मूल आलं की दाखवते.

म्हणून तुला सांगते, शंभर पानी वही घे आणि बातमीला तारखेचं नव्हे, विषयाचं पान दे. उदाहरणच घे ना. 2025 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं थोड्या मुदतीचं कर्ज देते तो, 6.50 वरून 6.25 टक्के केला. फेब्रुवारीच्या पीडीएफमध्ये ही एक ओळ. एप्रिलमध्ये 6 टक्के, ती दुसऱ्या पीडीएफमध्ये. जूनमध्ये एकदम अर्धा टक्का उतरून 5.50, डिसेंबरात 5.25. चार पीडीएफमधल्या चार ओळी, आणि परीक्षेत पर्याय म्हणून हेच चार आकडे तुझ्यासमोर एका रांगेत.

माझ्या वहीत याचं एकच पान आहे. वर ‘रेपो’, खाली तारखेनुसार उतरत गेलेले आकडे. शेजारी लिहिलंय, एसडीएफ (बँकांनी जास्तीचा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवला की मिळतो तो दर) रेपोच्या पाव टक्का खाली, एमएसएफ (बँकांना तातडीच्या कर्जाला पडतो तो दर) आणि बँक रेट पाव टक्का वर. म्हणजे रेपो कळला की बाकीचे तीन पाठ करायचे नाहीत, तोंडी हिशेब करायचा. रेपो 5.50 होता तेव्हा एसडीएफ 5.25 आणि एमएसएफ 5.75, बस्स. जूनच्याच बैठकीत सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा तो, 4 वरून 3 टक्क्यांवर आणायचं ठरलं, सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाव-पाव टक्क्याचे चार हप्ते. तेही तिथंच. तळाशी रेपो ठरवणारी पतधोरण समिती: सहा जण, तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारनं नेमलेले. महागाईचं लक्ष्य 4 टक्के, दोन खाली दोन वर चालतं. गव्हर्नर संजय मल्होत्रा, 26वे, डिसेंबर 2024 पासून. एवढ्यावर प्रश्न कसाही फिरवून आला तरी तू सापडायचा नाहीस.

हे पान भरायला वर्षभरात सगळा मिळून अर्धा तास गेला असेल. ते डोक्यात राहिलं त्याचं कारण मात्र निराळं. माझ्या भाच्यानं कुडचड्याला फ्लॅट घेतलाय, कर्ज रेपोशी जोडलेलं. पतधोरण जाहीर व्हायच्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर बोलायला लागले की याचा फोन, ‘मावशी, कितीनं उतरला?’

दुसरं पान ‘ठेव विमा’. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकींची ठेव एका सहकारी बँकेत अडकली. दुपारी जेवण टाकून त्या माझ्याकडे आल्या, हातात पासबुक. तेव्हा मी त्यांना समजावलं तेच वहीत आहे: विमा देणारं महामंडळ डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं. मर्यादा 1993 पासून 1 लाख होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख. ती मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेतल्या एका माणसाला. शाखेगणिक वेगळी नव्हे. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला 90 दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. काकींना ‘म्हणजे माझे मिळतील ना?’ एवढंच हवं होतं. परीक्षेला बाकीचं सगळं लागतं.

आता पेपर. बाबांचा मराठी पेपर पुरे. बातमी समजायला आपली भाषाच बरी. पण शब्द दोन्ही लिही: पेपरात ‘रोख राखीव प्रमाण’ छापतात, प्रश्नपत्रिकेत सीआरआर येतं. माझ्या ओसरीवरची एक मुलगी या दोन वेगळ्या गोष्टी समजून दोन पानं भरून आली होती! इंग्रजीत वाचायचंच तर रिझर्व्ह बँकेची आणि पत्र सूचना कार्यालयाची (केंद्र सरकारचं पीआयबी) मूळ प्रसिद्धिपत्रकं वाच. ती कोरडी असतात खरी, पण प्रश्न काढणाऱ्याची भाषा त्यांच्याजवळची. बाबांच्या हातातून पेपर सुटला की चाळीस मिनिटं घे. पहिल्या पानावरचे आरोप-प्रत्यारोप सोड. अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात दोन बोटं जागेत छापलेलं असतं ना, कुठल्या बँकेला दंड, कुणाची नेमणूक, कुठली योजना, ते बघ.

गोव्याची बातमी देशाच्या पानावर आली की आपण हुरळतो, ती पटकन पाठही होते. होऊ दे. 30 मे 2025 ला, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला, मिझोरमनंतरचं दुसरं राज्य. त्याच वर्षी बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला आणि उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव जिंकला. या दोन ओळी पुरेत. 1 मे 2025 पासून प्रादेशिक ग्रामीण बँका 43 वरून 28 झाल्या, एका राज्याला एक, हे मात्र गोवेकर मुलं हमखास विसरतात. कारण गोव्यात ग्रामीण बँक नाहीच, काउंटर कधी पाहिलेलाच नाही.

सहा महिने मागं जा, त्यातले शेवटचे चार घट्ट. अर्थसंकल्प मात्र जुना झाला तरी ठेव. रविवारी वहीवर हात ठेवून पानाचं शीर्षक वाच आणि खालचं स्वतःला सांग. चतुर्थीत पाच दिवस वही उघडली नाहीस तरी काही बिघडत नाही. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना कुणाला रेपो आठवतो? सहाव्या दिवशी पाच दिवसांचे पेपर एका बैठकीत उरक. चारपैकी तीन चॅनल आजच काढून टाक.

प्रश्न: बाई, जागतिक घडामोडींचं काय करायचं? राजधान्या आणि चलनं पाठ करावीत का? (एक विद्यार्थिनी, काणकोण)

उत्तर: माझी मंगोलियाची गोष्ट वर वाचलीसच. बदललंय तेवढं कर. बल्गेरियानं 1 जानेवारी 2026 पासून युरो घेतला, युरो वापरणारा तो 21वा देश. हे विचारण्यासारखं. पॅरिस फ्रान्सची राजधानी आहे हे कोण विचारतंय?

पैशाशी नातं असलेल्या संस्थांचं एक पान कर: जागतिक बँकेवर अजय बंगा, नाणेनिधीवर क्रिस्तालिना जॉर्जिएव्हा, मनिलाच्या आशियाई विकास बँकेवर 2025 पासून मासातो कांडा. आणि ब्रिक्सचं, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांनी सुरू झालेल्या गटाचं, वेगळं पान. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिक्सची परिषद आपल्या बाणावलीत झाली, तेव्हा मी मडगावच्या शाखेत होते. बंदोबस्तामुळं आमची कॅशियर तासभर उशिरा आली आणि गिऱ्हाइकांनी माझं डोकं खाल्लं. तेव्हा देश पाच होते. 2024 च्या सुरुवातीला इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती आले, 2025 च्या जानेवारीत इंडोनेशिया. त्यांची न्यू डेव्हलपमेंट बँक शांघायला, अध्यक्ष डिल्मा रूसेफ. पाचाचे दहा कसे झाले हे बोटांवर मोजून बघ. युद्धाच्या बातम्यांतून तेलाचा भाव आणि रुपया एवढं उचल, बाकी सोडून दे.

प्रश्न: माझी मुलगी दिवसभर मोबाईल घेऊन बसते. विचारलं की म्हणते, करंट अफेअर्स करतेय. खरं कसं ओळखायचं? (एक आई, वास्को)

उत्तर: वहिनी, रात्री जेवताना तिला विचारा, आज काय नवीन? तिनं एक बातमी तुम्हाला समजेल अशी सांगितली तर ती अभ्यास करतेय. ‘तुला नाही कळायचं’ म्हणाली तर तिलाही कळलेलं नाही. मोबाईल हिसकावू नका, परीक्षेचे अर्ज आणि प्रवेशपत्रं त्यावरच येतात. आणि तुमच्या घरी सकाळचा पेपर आधी कुणाच्या हातात जातो ते बघा. भावजींच्या जात असेल तर महिनाभर त्यांना पावाबरोबर नुसता चहा द्या, पेपर तिला.