समोरची व्यक्ती मुकाट बसते तेव्हा

पत्र : मी दारव्हा तालुक्यातील एका मोठ्या गावात राहते आणि दोन वर्षांपासून टॅरो रीडिंग, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगण्याचे काम, करते. फोनवरच्या क्लायंटशी माझे चांगले जमते. परंतु घरी येणाऱ्या बायका समोर बसल्या की ‘हो’, ‘बरं’ यापलीकडे बोलत नाहीत. मग मी घाबरून एकटीच बोलत सुटते. मागच्या आठवड्यात एक बाई अर्धा तास मान खाली घालून बसली, पैसे ठेवले आणि निघून गेली. माझे काय चुकते?
— एक वाचक, जिल्हा यवतमाळ

ताई,

पत्ते उद्याचे सांगतात यावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र चित्र समोर ठेवून दोन माणसे निवांत बोलली तर त्यातून मन मोकळे होते, हे मला मान्य आहे, आणि तुमचा प्रश्न त्या बोलण्याचाच असल्यामुळे उत्तर देते.

आपल्या भागात भविष्य सांगणाऱ्यासमोर बोलायचे नसते, ऐकायचे असते. पहाटे दारात येणारा पिंगळा कोणाला प्रश्न विचारत बसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावसापाण्याचे भाकीत शेतकरी ऐकायलाच जातात. तुमच्याकडे आलेली बाई हीच रीत पाळत असते, शिवाय ‘मीच सगळं सांगितलं तर हिनं काय ओळखलं?’ अशी परीक्षाही तिच्या मनात असू शकते. म्हणून पत्ते काढण्यापूर्वीच तिला स्पष्ट सांगा की तुम्ही चेहरा पाहून काही ओळखणार नाही, चित्र दोघींनी मिळून पाहायचे आहे, आणि जे सांगावेसे वाटणार नाही ते तिने खुशाल मनातच ठेवावे. शांततेला घाबरून चेहऱ्यावरून अंदाज बांधत गेलात, तर एखादा अंदाज बरोबर येतो आणि ती तुम्हाला अंतर्ज्ञानी समजू लागते; चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे हा आपल्या राज्यात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला मुळीच जाऊ नका.

काही बायका पत्त्यांना हात लावायलाच भितात, कारण त्यांना हा करणीचा प्रकार वाटतो. त्यांना सांगा की पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते खेळण्यासाठी निघाले, भविष्याशी त्यांची सांगड पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली, आणि तुमच्याजवळ बहुधा असलेल्या ‘रायडर-वेट’ या पत्त्यांच्या संचाची चित्रे १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ नावाच्या एका बाईने काढली. अठ्ठ्याहत्तर मोठे पत्ते कष्टाच्या हातांना पिसता येत नाहीत. ते चादरीवर उपडे पसरून तिलाच कालवू द्या. हात कामाला लागले की तोंडावरचा ताण आपोआप उतरतो, हे तुम्ही वाती वळताना किंवा तूर निवडताना पाहिलेच असेल.

पत्ता उघडल्यावर अर्थ सांगण्याची घाई करू नका. माझ्या मते तुमची खरी चूक इथेच होते. समजा ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’ निघाला. कुदळीच्या दांड्यावर रेललेला एक तरुण शेतकरी, समोर झुडूप आणि झुडपाला लागलेली सोन्याची नाणी, एवढेच चित्र आहे. ‘तुमच्या घरी पैशाची अडचण आहे का?’ असे विचारलेत तर ‘हो’ येईल आणि बोलणे तिथेच संपेल. ‘हा माणूस काय करत असेल?’ असे विचारा. ती कदाचित म्हणेल, “पऱ्हाटीकडे पाहून राह्यला. यंदा भाव भेटन का नाही, याचाच इचार करत असन.” त्यावर तुम्ही फक्त ‘मग?’ म्हणा आणि थांबा. चित्रातल्या माणसाविषयी बोलायला संकोच नसतो, आणि दोन-तीन वाक्यांनंतर ‘आमच्या घरीबी असंच’ हे शब्द बरेचदा स्वतःहून येतात. नाही आले, तरी दहा-पंधरा सेकंद गप्प बसणे तुम्हाला जमले पाहिजे. तुम्हाला तो वेळ फार मोठा वाटतो, तिला मात्र विचार करायला तेवढा वेळ लागतो.

खोलीकडेही एकदा पाहा. सासू ओसरीवर बसलेली असेल आणि दार उघडे असेल, तर कोणती सून तोंड उघडेल? सोबत आलेल्यांना चहा देऊन अंगणात बसवा, आणि स्वतः अगदी समोरासमोर न बसता थोडे तिरके बसा, म्हणजे दोघींची नजर पत्त्यांवर राहील.

एक मौन मात्र वेगळे असते. कर्जाने खचलेला एखादा माणूस येतो आणि ‘आता काय विचारायचं उरलं’ एवढेच म्हणतो. तेव्हा पत्ते बाजूला ठेवा आणि जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकट्याने घरी पाठवू नका, घरच्या माणसाला बोलावून घ्या आणि ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिथेच बसून लावून द्या. त्या दिवसाचे पैसे घेऊ नका.

मागच्या आठवड्यातली ती बाई पुन्हा आली, तर तेव्हाचा विषय तुम्ही काढू नका. पाणी द्या, पत्ते चादरीवर पसरा आणि तिचा हात पुढे येईपर्यंत थांबा.