पावसाळ्यानंतर जॅक मुके झाले? केबल फेकून देण्याआधी हे करून बघा

तुम्ही म्हापशाहून लिहिलंय: जून ते सप्टेंबर मॉड्यूलर सिंथेसायझरचा रॅक (सुटे मॉड्यूल केबलने जोडून आवाज घडवायचं वाद्य) प्लास्टिकने झाकून ठेवला होता. आता उघडल्यावर तीन मॉड्यूलमध्ये केबल न लावता आतून यायला हवा तो सिग्नल येत नाही, आणि ऑसिलेटरला (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलला) लावलेली केबल जरा हलली की सूर सरकतो. सगळ्या केबल टाकून सोनेरी मुलाम्याच्या घ्याव्यात का, असं विचारलंय. घेऊ नका, निदान एवढ्यात तरी नको. तुमच्या वर्णनातली प्रत्येक ओळ ओळखीची आहे, आणि दोष बहुधा केबलचा नाही.

एक खुलासा आधीच करतो. पुढचं सगळं युरोरॅक या प्रचलित मॉड्यूलर पद्धतीतल्या ३.५ मिमीच्या जॅकबद्दल आहे. जुन्या मूग सिंथेसायझरच्या पद्धतीचे ६.३५ मिमी जॅक दणकट असतात, त्यांचं गणित वेगळं. सर्ज या दुसऱ्या मॉड्यूलर पद्धतीतल्या बनाना सॉकेटमध्ये (एकेरी पिनच्या) तर स्विचच नसतो, त्यामुळे तुमचा पहिला बिघाड तिथे होऊच शकत नाही.

केबल न लावता आतून सिग्नल येतो, त्या सोयीला नॉर्मलिंग म्हणतात. जॅकच्या आत टोकाची पाती आणि स्विचची पाती एकमेकींना टेकून असतात. प्लग आत आला की टोकाची पाती बाजूला सरते आणि स्विच सुटतो. प्लग दर वेळी टोकाच्या पातीला घासून जातो, म्हणजे ती जागा वापरानेच साफ राहते. स्विचची टेकणी मात्र नुसती उघडते आणि मिटते, तिला घासणारं कुणी नाही. लोक जॅकचं आयुष्य प्लग किती वेळा घातला यावर मोजतात. डेटाशीटमध्ये ५,००० वेळा असा आकडा सहसा दिसतो. एकाच जॅकमध्ये रोज चारदा प्लग घातला तरी तिथे पोचायला तीन वर्षांहून जास्त लागतील, आणि त्यानंतरही जॅक लगेच मरत नाही. गोव्यात जॅक झिजून जात नाहीत, पडून राहून जातात.

आता ती चूक, जी आमच्याकडे सर्वात महाग पडली आणि तुमच्याकडेही झालेली दिसते: पॅच (केबलनी केलेली जोडणी) तसाच लावून ठेवून रॅक झाकणं. आवडता पॅच मोडवत नाही, हे समजतं. पण प्लग आत असताना स्विच उघडा असतो. टेकलेल्या दोन पात्यांच्या मधल्या जागेत हवा फारशी शिरत नाही. उघड्या टेकणीवर मात्र चार महिने दमट, खारी हवा बसते. ऑक्टोबरमध्ये तुम्ही केबल काढता, पात्या पुन्हा मिटतात, पण मध्ये थर आलेला असतो. त्यातून ऑडिओ कधी खरखरत येतो, कधी येतच नाही. शिवाय टोकाची पाती चार महिने ताणलेली राहिली तर हलक्या प्रतीच्या जॅकमध्ये तिचा दाबही कमी होतो.

प्लास्टिकने यात भरच घातली. प्लास्टिक पाऊस अडवतं, दमटपणा आत कोंडतं. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी कशी येते ते गोव्यात कुणाला सांगायला नको, तसंच हे. झाकायचंच असेल तर सुती चादर घाला.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळा. वीज बंद करा, मॉड्यूल रॅकमधून काढा. रिबन केबलची लाल कड कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो घ्या (ती उणे १२ व्होल्टची बाजू). आधी नुसता कोरडा प्लग प्रत्येक जॅकमध्ये २० ते ३० वेळा आतबाहेर करा. निम्मे जॅक एवढ्यानेच बोलू लागतील. मग मल्टिमीटरने टोक आणि स्विच यांच्या पायांमधला रोध मोजा. प्लग नसताना तो एक ओहमच्या खाली हवा, प्लग घातल्यावर जोड तुटायला हवा. सर्किटमधले इतर भाग मापात लुडबुड करतात, म्हणून तीनदा प्लग घालून-काढून मोजा. दर वेळी वेगळा आकडा आला तर टेकणी घाण आहे.

जे उरतील त्यांना कागदाची पट्टी. साध्या, गुळगुळीत कागदाची ३ मिमी रुंद पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करा. प्लग घातलेला ठेवून ती उघड्या टेकणीत सरकवा, प्लग काढा म्हणजे पात्या कागदाला चिमटा घेतील, मग पट्टी हळूच ओढून काढा. काळपट रेघ दिसेल. रेघ येईनाशी होईपर्यंत करा. जिथे बाजूने हात पोचत नाही तिथे डीऑक्सिटसारख्या टेकणी साफ करायच्या द्रवाचा एक थेंब सुईच्या टोकाने टेकणीवर सोडा आणि प्लग पुन्हा २० वेळा. डबा घ्याल तर फवाऱ्याचा नको, बाटलीतला द्रव घ्या. फवाऱ्याचे डबे विमानाच्या पार्सलने येत नाहीत, आणि फवारा हवा तिथे सोडून शेजारच्या पोटेन्शिओमीटरमध्ये जातो.

पॉलिश पेपर नको. मुलामा काही मायक्रॉनचाच असतो, तो एकदा गेला की खालचं पितळ काळवंडतं आणि मग जॅक बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि दुचाकीच्या साखळीला मारतात तो गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. एका दुरुस्तीवाल्याने तोच मारून 'सर्व्हिस केली' म्हणून पैसे घेतले. पहिले दोन आठवडे सगळं छान वाजतं. मग तेलकट थरावर धूळ बसते आणि आधी खरखर नव्हती त्या जॅकमध्येही सुरू होते. तो थर धुवून काढायला मूळ साफसफाईच्या तिप्पट वेळ जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टेकणीसाठी काय वापरता हे आधी विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर मॉड्यूल उचलून घरी आणा.

दुसरी तक्रार, सूर सरकण्याची. एक व्होल्टला एक सप्तक या मापात एक अर्धस्वर म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट, एक सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) म्हणजे सुमारे ०.८३. इनपुटचा रोध साधारण १०० किलोओहम असतो. घाणेरड्या टेकणीने मध्ये १०० ओहम घातले तर ५ व्होल्टवर जवळजवळ ५ मिलिव्होल्ट गळतात, म्हणजे सहा सेंट. कानाला ते सहज कळतं, आणि केबल हलवल्यावर रोध बदलतो म्हणून सूरही हलतो. पण पॅसिव्ह मल्टिपल (एकच सिग्नल अनेक जागी वाटणारा साधा जोड) वापरत असाल तर आधी तो काढून बघा. आउटपुटला १ किलोओहम असेल तर प्रत्येक जादा इनपुटमागे जवळजवळ एक टक्का गळतो, ५ व्होल्टवर अर्ध्या अर्धस्वराहून जास्त. मात्र ती घसरण स्थिर असते, केबल हलवून बदलत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर निम्मं निदान झालं.

केबलबद्दल माझं मत कदाचित पटणार नाही. केबल ही संपणारी वस्तू आहे, जॅक नाही. म्हणून झिजायचं असेल तर प्लगने झिजावं. सोनेरी प्लगवर सोन्याचा थर फार पातळ असेल तर त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. खारी हवा तिथून खालच्या धातूपर्यंत जाते आणि हिरवट ठिपके वर येतात. पर्वरी-म्हापशाच्या हवेत असले स्वस्त सोनेरी प्लग साध्या निकेलच्या प्लगपेक्षा लवकर खराब दिसतात. जाड सोन्याचे चांगले प्लग परवडत असतील तर जरूर घ्या, पण मग जॅकचा मुलामा काय आहे तेही डेटाशीटमध्ये बघा. टिनशी सोनं जोडणं वाईट.

केबल तुटते ती प्लगच्या मागच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये, कारण आपण वायर धरून ओढतो. प्लगचं अंग धरून काढा. मल्टिमीटर लावून तेवढाच भाग वाकवा, आकडा उडाला तर केबल बाजूला. चांगली छोटी केबल मीटरच्या तारांसकट अर्ध्या ओहमच्या आसपास दाखवते. प्लगच्या पाठीवर दुसरा प्लग घेणाऱ्या, एकावर एक चढणाऱ्या केबल सोयीच्या खऱ्या, पण तीन मजले चढवले की जॅकवर तरफेसारखा जोर येतो. दोनाच्या वर नको. आणि केबलच्या जुड्या रबरबँडने बांधू नका. रबरातलं गंधक चांदीचा मुलामा काळा करतं. कापडी पट्टी बांधा किंवा खुंटीवर टांगा.

जॅक बदलायचाच असेल तर तो अख्खा उपटू नका. तीन पायांना एकाच वेळी उष्णता देता येत नाही आणि बोर्डवरचं तांबं उखडतं. आधी ताजं सोल्डर घाला, मग बारीक कटरने जॅकचं अंग कापा आणि पाय एकेक करून काढा. ग्राउंडचा पाय मोठ्या तांब्याला जोडलेला असतो, तिथे ३७० अंश आणि चपटं टोक लागेल. इतरांना ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डरसाठी ३२० ते ३५० पुरे, दोन-तीन सेकंद. जास्त वेळ धरलंत तर प्लास्टिक मऊ होऊन पाती सरकते. नवा जॅक आधी पॅनलमध्ये बसवून नट आवळा, नंतर सोल्डर करा. उलट केलंत तर नट आवळताना सगळा पीळ सोल्डरच्या जोडावर येतो आणि जोडाला केसासारखी चीर जाते. तीही केबल हलवल्यावर खरखरते, आणि लोक महिनाभर केबलला दोष देत बसतात. नळवाल्यांची आम्लाची पेस्ट सोल्डरला लावू नका, रोझिनचा (राळेचा) फ्लक्सच हवा.

पुढच्या पावसाळ्यासाठी: मृग लागायच्या आत सगळे प्लग काढा. आठवड्यातून दोनदा तास-दोन तास रॅक चालू ठेवा. २८ अंशांवर ९० टक्के आर्द्रतेची हवा आत ३३ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते. तेवढा वेळ तरी धातू कोरडा राहतो, म्हणून रॅक आठवडाभर थंड पडू देऊ नका. चालू असताना प्रत्येक जॅकमध्ये एकदा प्लग फिरवून घ्या. बंद होणारी पेटी असेल तर रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा, केशरीचं हिरवं झालं की १२० अंशांवर दोन तास भाजून परत. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं आणि भाजणं बहुधा स्वयंपाकघरातच होतं.

एसी वापरत असाल तर आणखी एक. खोली २२ अंशांवर असताना एसी बंद करून खिडकी उघडली तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांजवळ असतो, आणि थंड ॲल्युमिनियमच्या पॅनलला घाम सुटतो. ते पाणी थेट जॅकमध्ये. पेटी बंद करा, तासभर थांबा, मग खिडकी उघडा.

तुमच्या तीन मॉड्यूलचे आकडे, प्लगसह आणि प्लगशिवाय, इथे लिहा. आणि नट काढताना पक्कड लावू नका. षटकोनी नटांना बहुधा ८ मिमीचा नटड्रायव्हर बसतो. बोटाने घट्ट करून वर पाव फेरा, त्यापुढे नाही.