वही, बंड्या आणि सेव-उसळीची गाडी

'मावशी, आमचा बंड्या आठ महिन्यांचा, गावठी कुत्रा. घरात "बस" म्हटलं की टुणकन बसतो. दांडिया बाजारात सेव-उसळीची गाडी दिसली की मात्र मी कोण, हेच विसरतो. मी रोज वहीत त्याचे मार्क लिहिते. दहापैकी दहा पडले नाहीत तर झोप येत नाही. परवा चिडून पट्टा हिसकला, तर पठ्ठ्यानं चक्क जांभई देऊन तोंड फिरवलं. शून्य दिलं. सासरे काही शिकवत नाहीत, तरी त्यांचं ऐकतो! माझं काय चुकतंय?'
– वहीवाली, वडोदरा

वहीवालीबाई, आधी त्या जांभईचं बोलू. ती कंटाळ्याची नसावी. कुत्र्यावर ताण आला की ते जांभया देतं, ओठांवरून जीभ फिरवतं, मान वळवतं. बंड्या त्याच्या परीनं 'जरा दमानं घ्या' म्हणत होता, आणि तुम्ही शून्य लिहून मोकळ्या झालात!

आता गाडीचं. घरातल्या चटईवर शिकलेलं 'बस' कुत्र्याला रस्त्यावर आपसूक लागू करता येत नाही. जागा बदलली की धडा जवळजवळ पहिल्यापासून. त्यात तर्रीचा वास! अहो, तिथं माझंही चित्त थाऱ्यावर नसतं. बंड्याचं लक्ष तुमच्याकडे वळेल इतक्या लांब उभ्या राहा. 'बस' एकदाच म्हणा. बूड टेकलं की एक-दोन सेकंदांत पनीरचा बारीक तुकडा. चार-पाच मिनिटांत आटपा. जमलं तर पुढच्या आठवड्यात चार पावलं जवळ.

सासऱ्यांचा हेवा मात्र सोडा. ब्रिटनमधल्या संशोधकांचा २०२० चा एक अभ्यास आहे. पाच महिन्यांची असताना मुकाट ऐकणारी कुत्री आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याच्या 'बस'कडे कानाडोळा करू लागली, परक्याचं मात्र ऐकत राहिली. वयात येणारी पोरं, दुसरं काय!

हाक मारली की येणं आणि रस्त्यावरचं तोंडात न घेणं, या दोन गोष्टींत ढिलाई नको. त्यात जीव जाऊ शकतो. बाकी कसाही बसू दे. आमची राणी बारा वर्षं एका कुल्ल्यावर तिरकी बसली. पाहुणे विचारायचे, पाय दुखतो का हिचा?

उद्या सुरसागर तलावाकडे जाल तेव्हा अर्धा तास त्याला हवं ते हुंगू द्या. वही सासऱ्यांना देऊन टाका, दुधाचा हिशेब लिहायला होईल.