कंपनीच्या बाजूने कामगार केसेस लढणारा वकील म्हणून करिअर कसं असतं? मनाला टोचत नाही का?

प्रश्न विचारणारा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कामगाराविरुद्ध उभं राहायचं म्हणून कचरतोय. मी बरीच वर्षं मॅनेजमेंट साइडलाच आहे, लेबर कोर्ट आणि इंडस्ट्रियल कोर्ट, तर जे बघितलं ते सांगतो.

पहिली गंमत म्हणजे या कोर्टात वकील हा मुळात बिनबोलावलेला पाहुणा. १९४७ च्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्टच्या कलम ३६(४) प्रमाणे समोरची पार्टी हो म्हणाली आणि कोर्टाने परवानगी दिली तरच वकिलाला उभं राहता यायचं. सुरुवातीच्या एका मॅटरमध्ये युनियनच्या प्रतिनिधीने सरळ हरकत घेतली, मग मी कोट-बँड घालून बाहेर बाकावर आणि आत बिचारा एचआरवाला एकटा. हे युनियनवाले सनद नसली तरी लेबर लॉ कोळून प्यालेले असतात, त्यांना हलक्यात घेऊ नका.

खरं काम कोर्टाच्या खूप आधी सुरू होतं, डोमेस्टिक इन्क्वायरीत, म्हणजे कंपनीने स्वतःच घेतलेल्या चौकशीत. कामगारावर चार्जशीट, मग खुलासा, मग चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणी, रिपोर्ट, आणि मग शिक्षा. यातली एक पायरी चुकली की पुढचं सगळं ढासळतं. एक केस अजून आठवते. नाइट शिफ्टला मशीन चालू ठेवून माणूस झोपला होता, सिक्युरिटी गार्डने पाहिलेलं, रजिस्टरला नोंद, म्हणजे केस एकदम पक्की असं सगळ्यांना वाटत होतं. कोर्टात समोरच्याने आमच्या एचआर मॅनेजरला फक्त चार्जशीट हातात दिलं आणि विचारलं, कुठल्या भाषेत आहे? इंग्रजी. खाली कामगाराची सही कुठल्या भाषेत आहे? मराठी. त्याला इंग्रजी वाचता येतं का? मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला आणि मी फाइलमध्ये. पार्ट वन अवॉर्ड विरुद्ध गेला, म्हणजे चौकशीच योग्य नव्हती असं ठरलं, आता आरोप कोर्टासमोर नव्याने सिद्ध करा. तोपर्यंत तो गार्ड कधीच नोकरी सोडून गेला होता आणि एजन्सीकडे त्याचा पत्तासुद्धा नव्हता. माणूस झोपला होता हे आम्हाला माहीत, बहुधा त्यालाही, पण सिद्ध कशावर करणार?

चौकशी अगदी नीट झाली तरी कलम ११-अ खाली (नंबर १९४७ च्या कायद्याचा) कोर्ट म्हणू शकतं की एवढ्याशा गोष्टीला नोकरीवरून काढणं जास्त होतंय. त्यामुळे निम्मा वेळ आपल्याच क्लायंटला अडवण्यात जातो. "साहेब, याला उद्याच काढायचाय" असा फोन आला की मी आधी विचारतो, पहिला मेमो, म्हणजे लेखी ताकीद, कधी दिला होता? पलीकडे शांतता.

आता टोचण्याबद्दल. कामगाराची उलटतपासणी घेताना मला कधी टोचलं नाही, तारखा घेताना मात्र टोचलंय. कंपनीला तारखेचं काहीच वाटत नाही आणि समोरच्याच्या घरात पगार बंद असतो, आणि क्लायंट उघड सांगतो की लांबवा. ज्युनिअर असताना मी लांबवलंय, खोटं कशाला बोलू. आता नाही करत, आणि त्यात नुसता चांगुलपणा नाही, हिशोबही आहे. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने एका शिक्षिकेच्या केसमध्ये सांगून टाकलं की बेकायदेशीर काढलं असेल तर पूर्ण बॅक वेजेस, म्हणजे काढल्यापासूनचा बुडालेला पगार, हाच साधारण नियम. आपण दुसरीकडे कमवत नव्हतो एवढं कामगाराने सांगायचं, तो कमवत होता हे दाखवणं मालकाच्या अंगावर. त्याला परत घ्या असा निकाल लागला आणि तुम्ही वर हायकोर्टात गेलात, तर कलम १७-ब खाली (हाही जुन्या कायद्याचा नंबर) तो घरी बसलेला असताना त्याला पगार द्यायचा. म्हणून पहिल्याच मीटिंगला मी क्लायंटसमोर कॅल्क्युलेटर ठेवतो, महिने गुणिले पगार, आठ वर्षं धरा. आकडा बघितला की सेटलमेंटचा विषय आपोआप निघतो.

तुम्ही ऐन बदलात येताय हेही लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झालाय आणि १९४७ चा कायदा त्यात गेला. कलमांचे नंबर आम्हा जुन्यांनाही नव्याने पाठ करावे लागतायत, म्हणजे तेवढ्यापुरते तुम्ही-आम्ही सारखेच. वाद मात्र ओळखीचेच आहेत. एखाद्याला मॅनेजर म्हणायचं आणि दिवसभर मालाची मोजणी करायला लावायचं, मग तो कामगार की नाही यावर वर्षभर भांडायचं, कारण कामगार ठरला तरच त्याला या कायद्याखाली दाद मागता येते. ज्याच्या वर पगार गेला की सुपरवायझर कामगार धरला जात नाही, ती महिन्याच्या पगाराची मर्यादा तेवढी १०,००० वरून १८,००० झाली.

यायचंच असेल तर आधी वर्षभर एखाद्या सीनिअरबरोबर चौकश्यांना जाऊन बसा, प्रोसिडिंग, म्हणजे चौकशीत जे घडतं त्याची नोंद, हाताने लिहा. आणि जमलं तर थोडे दिवस कामगारांच्या वकिलाकडेही काढा. मी नव्हते काढले, आणि त्या चार्जशीटची भाषा माझ्याही डोळ्याखालून गेली होती, कोर्टात विचारेपर्यंत लक्षात आली नाही.