जळगावात घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह स्कॅन करताना वलयं आणि पांढरे ठिपके का येतात?

वलयं म्हणजे न्यूटन रिंग्ज. निगेटिव्हची चकचकीत बाजू काचेला जेमतेम टेकली की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे त्या उमटतात. आपल्या खान्देशी उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत फिल्म पन्हाळीसारखी वळते आणि फुगीर भाग हमखास काचेला लागतो. पट्टी बटर पेपरच्या स्वच्छ पाकिटात घालून जाड पुस्तकांखाली दोन-तीन दिवस दाबून ठेवा. तरीही टेकत असेल तर मंद दिसणारी इमल्शनची (चित्राचा थर असलेली) बाजू काचेकडे करा. चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते नंतर फ्लिप करायचं.

ठिपके धुळीचे. धूळ प्रकाश अडवते, म्हणून पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे उलटवून मिळालेल्या चित्रात, ती पांढरी दिसते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे डाग पडतात. रबरी ब्लोअर वापरा. स्कॅनरचं डिजिटल आइस, म्हणजे इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसणारं सॉफ्टवेअर, मात्र बंदच ठेवा, हे फार महत्त्वाचं! फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून कडा पुसट करून टाकतं. इल्फर्ड एक्सपी२सारख्या, रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेने धुतल्या जाणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये शेवटी चांदी उरत नाही, तिथे ते चालतं.

स्कॅन १६ बिट ग्रेस्केलमध्ये, २४०० डीपीआयवर, टिफमध्ये करा.