पहिली टेस्ट १४९, ध्येय १७२: जमेल का?

ताई म्हणून विचारलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझी परिस्थिती अशी: पाच वर्षांचं लॉ झालंय, नोकरी चालू आहे, पुढच्या वर्षी अमेरिकेत जेडीला, म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीला, जायचंय. एलसॅटची, म्हणजे तिथल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, पहिली सराव परीक्षा १४९ आली, ऑक्टोबरच्या परीक्षेला चार महिने आहेत आणि तू १७२ ठरवून बसलास.

आधी मला सांग, हे १७२ आलं कुठून? माझं १७० असंच आलं होतं. गोल आकडा, ऐकायला भारी. सुरुवात १५१ वरून होती. पहिल्या परीक्षेत १६१ आले आणि मी दोन दिवस फोन उचलला नाही. खरं तर दहा गुण वाढले होते! दुसऱ्या खेपेला १६४ आले. ज्या लॉ स्कूलने पुढे माझी निम्म्याहून जास्त फी माफ केली, तिथे १७० च्या हट्टापायी मी अर्जच करणार नव्हते.

स्कोअर १२० ते १८० मध्ये असतो आणि मधला विद्यार्थी १५० च्या थोडा वर असतो. १६० च्या पुढे साधारण पाव मुलं उरतात, १७० च्या पुढे शंभरातली जेमतेम पाच-सहा. म्हणून १४९ ते १५९ आणि १६२ ते १७२ हे दोन्ही दहा गुणांचे प्रवास कागदावर सारखे दिसले तरी कष्ट सारखे नाहीत. पहिल्या टप्प्यात प्रश्न ओळखता आला की गुण येतात. दुसऱ्यात एकेका चुकीसाठी आठवडा जातो.

इंटरनेटवर ‘१४८ वरून १७३’ अशा ज्या कथा वाचतोस, त्यांची तारीख बघ. जून २०२४ पर्यंत परीक्षेत लॉजिक गेम्सचा, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा, भाग होता. तो शिकून घेता यायचा, आणि पुष्कळांची मोठी उडी तिथूनच यायची. आता लॉजिकल रीझनिंगचे (छोट्या युक्तिवादांवरच्या प्रश्नांचे) दोन भाग आणि वाचन-आकलनाचा एक, प्रत्येकी ३५ मिनिटं. चौथा भाग मोजला जात नाही, पण तो कोणता हे कळत नाही. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी ३५ मिनिटांत चार गट उतारे वाचताना आपल्यातल्या बऱ्याच जणांचा दम निघतो. तिथली वाढ हळूच होते.

ध्येय उलट्या बाजूने ठरव. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी ‘५०९ रिपोर्ट’ जाहीर करावा लागतो. त्यात प्रवेश घेतलेल्यांचा २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचा एलसॅट स्कोअर असतो, फी असते, किती जणांना किती स्कॉलरशिप मिळाली तेही असतं. आठ-दहा स्कूल्स निवड आणि हे आकडे वहीत उतरव. हार्वर्ड-येलचा मधला स्कोअर १७४ च्या आसपास असतो, तिथे १७२ सुद्धा कमीच. पण ज्यांचा मधला १५८-१६२ आहे अशीही चांगली स्कूल्स आहेत, आणि त्यांच्या पदवीवरही बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा देता येते.

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. भारतातल्या पदवीच्या टक्क्यांचं एलसॅक (एलसॅट घेणारी संस्था) अमेरिकन जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, करून देत नाही. गुणपत्रिका तपासून ‘सुपीरियर’, ‘अबव्ह ॲव्हरेज’ असा शेरा पाठवते. शेरा चांगला असेल तर उपयोग होतो, नाही असं नाही. पण अमेरिकेतल्या मुलाला ३.९ जीपीए कमी स्कोअर सावरून नेतो, तसा आधार आपल्याला नाही. मोजता येण्यासारखा आपला आकडा एकच, एलसॅट. त्यात आपल्याला सरकारी फेडरल कर्ज मिळत नाही. म्हणून नुसता प्रवेश मिळवून देणारा स्कोअर पुरत नाही, फी कमी करणारा लागतो, आणि तो बहुतेक वेळा त्या स्कूलच्या ७५ पर्सेंटाइलच्या जवळ किंवा वर असतो. माझ्या मते तुझं खरं ध्येय तिथे आहे. स्कॉलरशिपला ग्रेडची अट आहे का, तेही बघ. पहिल्या वर्षी मार्क कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, देतात. वर्गातल्या सगळ्यांनाच ती अट पाळता येत नाही.

चार महिने, नोकरी सांभाळून, १४९ वरून: मी १६० धरेन. १६३ आले तर पेढे. परीक्षेला जायचं की पुढे ढकलायचं, हे शेवटच्या पाच सराव परीक्षांच्या सरासरीवरून ठरव. घड्याळ लावून, एका बैठकीत, लॉहब या एलसॅकच्या साइटवरच्या अधिकृत पेपरवर. पाचांतला सर्वांत चांगला स्कोअर ‘आपला’ समजायची खोड सगळ्यांना असते, मलाही होती. एलसॅक स्वतःच स्कोअरबरोबर वर-खाली साधारण तीन गुणांचा पट्टा देते. म्हणजे सरासरी १५८ असेल तर परीक्षेत १५५ येऊ शकतात आणि त्यात तुझं काही बिघडलेलं नसतं.

परत बसायची भीती नको. स्कूल्सना सगळे स्कोअर दिसतात, पण त्यांच्या जाहीर आकड्यांत तुझा सर्वोच्च स्कोअरच जातो. मर्यादा मात्र आहे: आयुष्यात सात वेळा, रद्द केलेला स्कोअरही त्यात धरतात. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास उघडतात आणि जागा व पैसा हळूहळू वाटला जातो. तीन गुणांसाठी जानेवारीपर्यंत थांबलास तर ते तीन गुण तिथेच खर्ची पडू शकतात. सहा-सात गुणांची शक्यता खरोखर दिसत असेल तर मी तुझ्या जागी सरळ पुढच्या वर्षी अर्ज करेन. एक वर्ष जाईल, पण तीन वर्षांची फी खूप मोठी असते.

पुढची टेस्ट दिलीस की रीझनिंगमध्ये किती चुकले आणि वाचनात किती, हे वेगवेगळं लिहून पाठव. वेळ संपल्यामुळे अंदाजाने किती ठोकले, तेही. उणे गुण नसतात, तेव्हा रिकामं एकही सोडू नकोस.