वैमानिक प्रशिक्षण, करसवलत आणि आईची ठेव

प्रश्न: मी 27 वर्षांचा अभियंता असून पुण्यात नोकरी करतो. वार्षिक वेतन 12.40 लाख रुपये आहे. नोकरी सोडून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घ्यायचा आहे. शुल्क 58 लाख; या महिन्यात 25 लाख आगाऊ भरल्यास 3 लाखांची सूट मिळते. आईच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील 30 लाख, माझे 14 लाख आणि 15 लाखांचे वैयक्तिक कर्ज अशी तजवीज केली आहे. आई खासगी शाळेतून निवृत्त झाली असून तिला निवृत्तिवेतन नाही. वैद्यकीय तपासणी प्रवेशानंतर करणार आहे. या खर्चावर करसवलत कशी मिळेल? विमा सल्लागार 1.20 लाख हप्त्याची पॉलिसी कर वाचवण्यासाठी चालू ठेवायला सांगतात.

उत्तर: स्वतःच्या प्रशिक्षणाचे शुल्क पगारी उत्पन्नातून वजा करता येत नाही. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80ई नुसार उच्च शिक्षणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे फक्त व्याज, तेही जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त 8 वर्षे, वजा होते. वैयक्तिक कर्ज त्यात बसत नाही. शिवाय 2025-26 मध्ये नव्या प्रणालीनुसार 12.75 लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य आहे आणि नोकरी सोडल्यावर उत्पन्नच नसेल. जो कर लागतच नाही तो वाचवण्यासाठी पॉलिसीचे हप्ते भरायला सांगणे हा सल्ला नसून केवळ विक्री आहे. पॉलिसी पेड-अप करून घ्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी तशीच राहू द्या, आणि साधा मुदत विमा घ्या.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. परवान्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, घ्यावे लागते आणि त्याचे 15 ते 20 लाख तुमच्या हिशेबात कुठेच नाहीत. सूट धरून शुल्क 55 लाख, रेटिंग 18 लाख, दोन वर्षांचा राहण्याखाण्याचा खर्च 6 लाख आणि वैयक्तिक कर्जाचा महिना सुमारे 34,000 रुपयांचा हप्ता दोन वर्षे, म्हणजे 8 लाख, मिळून 87 लाख होतात. तुमच्याकडे 59 लाख आहेत. परवाना हातात येईल तेव्हा 28 लाख कमी पडतील, आणि तेव्हा विकायला घराशिवाय काही उरणार नाही.

आईच्या 30 लाखांवर 8.2 टक्के दराने दर तीन महिन्यांनी 61,500 रुपये तिच्या खात्यात जमा होतात. तिचे दूध, किराणा, औषधे त्यावर चालतात. ती ठेव मोडल्यास ही माउली तुमच्या पहिल्या पगाराची वाट पाहत बसेल आणि तो पगार कधी सुरू होईल हे कोणीच लिहून देणार नाही. त्या ठेवीला हात लावू नका, असे मी आग्रहाने सांगतो.

25 लाखही आता भरू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमाप्रमाणे आधी वर्ग 2 आणि मग वर्ग 1 ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगदृष्टीतील दोष तिथे निघाला तर काही हजारांत प्रश्न मिटेल. नोकरी करतच हवामानशास्त्र, हवाई नियम, दिक्चालन हे लेखी विषय उत्तीर्ण व्हा. तेवढ्यात बचतही वाढेल. त्यानंतर स्वतःच्या नावावर शैक्षणिक कर्ज काढा, कारण त्याची परतफेड सहसा अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होते आणि 80ई ची 8 वर्षे व्याज भरायला लागल्यापासून मोजली जातात. शुल्क उड्डाणतासांच्या टप्प्यांनी भरण्याची अट लेखी घ्या आणि अर्ध्यावर सोडल्यास किती परतावा मिळेल तेही त्याच कागदावर लिहून घ्या. संस्था यास नकार देत असेल, तर 3 लाखांची सूट सोडून दुसरी संस्था पाहा.